शब्दघराण्यांची वही : ॲडमनिशनपासून मस्टरपर्यंत

शब्दांची घराणी टिपायच्या माझ्या वहीत ‘कॅव्हेट’ या इंग्रजी शब्दाचं पान अर्धं आहे, ते तसंच ठेवून या महिन्यात ‘ॲडमनिशन’ (admonition) हा शब्द घेतला, आणि त्याचं घराणं इतकं वाढत गेलं की वहीला मागून पानं चिकटवावी लागली. आतापर्यंत जे हाती आलंय ते टाकतोय, तुमच्याकडे भर असेल तर नक्की सांगा.

आधी अर्थ. ॲडमनिशन म्हणजे इशाराच, पण कुठलाही नाही. ‘पुढे धोकादायक वळण आहे’ ही पाटी वॉर्निंग झाली, तिला कोणी ॲडमनिशन म्हणणार नाही (आपल्यातल्या कोडिंगवाल्या मंडळींसाठी: रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या डॉक्युमेंटेशन लिहायच्या फॉरमॅटमध्ये मात्र नोट, वॉर्निंग, डेंजर या सगळ्या चौकटींना मिळून ॲडमनिशनच म्हणतात). एरवी या शब्दाला समोर माणूस लागतो, सांगणारा अधिकाराने सांगणारा हवा, ऐकणारा चुकलेला किंवा चुकायच्या बेतात असलेला, आणि सांगण्यात शिक्षेपेक्षा सुधारण्याचा भाव जास्त. रेप्रिमांड याच्यापेक्षा कडक आणि बरेचदा ऑफिशियल. क्रियापद ॲडमॉनिश, ते झालेल्या चुकीबद्दलही वापरतात आणि पुढे असं वाग म्हणून सांगतानाही.

मराठीत ताकीद आहे, तंबी आहे, कानउघाडणी आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात नेमकं बसतं ते ‘समज देणं’. पेपरात येतं ना, पोलिसांनी समज देऊन सोडून दिलं, ते. आणि हे नुसतं वाटण्यापुरतं नाही, कारण मूळ लॅटिन क्रियापद मोनेरे, म्हणजे आठवण करून देणं, सावध करणं, आणि ते ज्या प्राचीन धातूवरून आलं त्याचा अर्थ विचार करणं, म्हणजे मोनेरे हे त्याचं प्रयोजक रूप, दुसऱ्याला विचार करायला लावणं. तोच धातू आपल्याकडे मन्, ज्यातून मन, मनन, मती, मंत्र. हे जुळलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला.

कायद्यात तर हा शब्द आजही कामावर आहे. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८, कलम ३: साधी चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा सिद्ध झाला, आधी कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल, तर कोर्टाला योग्य वाटल्यास शिक्षेऐवजी ॲडमनिशन देऊन सोडता येतं. २०१५ च्या जुव्हेनाइल जस्टिस ॲक्टमध्ये कलम १८ मध्येही मुलाला ॲडमनिशन देऊन घरी पाठवायची सोय आहे.

आता घराणं. मॉनिटर म्हणजे सावध करणारा, वर्गातला मॉनिटर तोच. घोरपडीला इंग्रजीत मॉनिटर लिझर्ड म्हणतात कारण ती जवळ मगर असल्याची खबर देते अशी जुनी समजूत होती. कोर्टाचं समन्स इथलंच, मॉन्युमेंट म्हणजे आठवण देणारं, प्रीमोनिशन म्हणजे आधीच लागलेली चाहूल. मॉन्स्टरही यातलाच, कारण रोमन लोक काही विचित्र जन्मलं की तो देवांचा इशारा मानायचे, त्याला मॉन्स्ट्रुम म्हणायचे. मग मॉन्स्ट्रुमवरून दाखवणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून डेमॉन्स्ट्रेशन, म्हणजे आपला डेमो, आणि फ्रेंचमधून फिरून आलेला मस्टर! ऑफिसात मस्टरवर सही करणारे आपण सगळे याच घराण्यातला शब्द रोज वापरतोय.

एक नोंद मात्र पेन्सिलनेच ठेवलीये. रोममध्ये कॅपिटोलाइन टेकडीवर जुनो मोनेटा देवीचं देऊळ होतं, शेजारी टांकसाळ, आणि मोनेटावरून मनी आणि मिंट दोन्ही आले हे पक्कं. पण मोनेटा हे नाव मोनेरेवरून आलं असं रोमन लोक स्वतः सांगायचे (रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने भूकंपाच्या वेळी देवळातून आलेल्या आवाजाची कथा दिलीये), आजच्या अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. कथेवर भरवसा ठेवून शाईने लिहायचं नाही हा वहीचा नियम आहे.

पुढचं काम म्हणजे ‘समज देणं’ मराठीत कधीपासून आहे ते शोधणं. जुनी सरकारी पत्रं, कोर्टाचे कागद, मोडी दप्तरं वाचणारं इथे कोणी असेल तर हा प्रयोग दिसला की साल आणि पूर्ण वाक्य टाका प्लीज, नुसता शब्द नको, आजूबाजूचं वाक्य असलं की अर्थ धरता येतो.