सी-३ चा नकाशा बदलला तो दिवस

मे २०२२ च्या शेवटी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचं कमिशनिंग, म्हणजे कामाला लावण्यापूर्वीची जुळवणी आणि तपासणी, अखेरच्या टप्प्यात होतं. अठराही षटकोनी आरसे जुळून महिना होत आला होता. चारही उपकरणांचे सतरा निरीक्षण-प्रकार एकेक करून तपासले जात होते, आणि तरंगाग्र (प्रकाशलहरीचा आघाडीचा पृष्ठभाग) मोजणाऱ्या आम्हा मंडळींचं काम अगदी ठरल्या चाकोरीतलं झालं होतं. दर दोन दिवसांनी एक तारा, त्याच्या फोकस बिघडवलेल्या प्रतिमा आणि त्यांवरून काढलेला आरशाचा नकाशा. नव्या नकाशातून जुना वजा करायचा आणि जे उरेल ते पाहायचं. एरवी उरायचं ते काही नॅनोमीटरचं. २३ ते २५ मे या काळात मात्र उजवीकडे खाली, बाहेरच्या कड्यातल्या सी-३ या एकाच सेगमेंटवर, म्हणजे अठरांपैकी एका आरशावर, ठळक डाग उमटला. शेजारचे सेगमेंट जसेच्या तसे होते.

हा नकाशा कसा निघतो ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच झाले. दुर्बिणीवर आरशाकडे पाहत बसलेली वेगळी मोजयंत्रणा नाही. निअरकॅम या कॅमेऱ्याच्या चाकांवर काही कमजोर भिंगं बसवलेली आहेत. २.१२ मायक्रॉनच्या अरुंद फिल्टरबरोबर त्यांतलं एक लावलं की ताऱ्याची प्रतिमा आठ तरंगलांब्यांइतकी एका बाजूला फोकसबाहेर जाते, दुसरं लावलं की तेवढीच दुसऱ्या बाजूला. फोकसमधल्या प्रतिमेत सगळा प्रकाश मोजक्या पिक्सेलांत गोळा होतो, त्यामुळे चूक आरशाच्या कुठल्या भागातून आली हे कळत नाही. फोकस बिघडवला की प्रकाश पसरतो आणि अठरा सेगमेंटांचा ठसा प्रतिमेत दिसू लागतो. दोन्ही बाजूंच्या प्रतिमा लागतात त्या चिन्ह ठरवण्यासाठी. उंचवटा आणि खळगा यांच्या खुणा एका प्रतिमेत सारख्या दिसू शकतात, दोन्ही एकत्र सोडवल्या की घोळ राहत नाही. आरशाचा कुठला आकार या दोन्ही प्रतिमा देऊ शकेल, हे संगणक पुन्हा पुन्हा गणित करून शोधतो. हाती येतो तो तरंगाग्राचा नकाशा. परावर्तनात प्रकाश तोच खळगा जाता-येता दोनदा मोजतो, त्यामुळे नकाशातल्या आकड्याच्या निम्मी चूक प्रत्यक्ष पृष्ठभागावर असते.

नकाशात बदल दिसला म्हणजे काहीतरी आदळलं, असं लगेच म्हणता येत नाही. दुर्बीण एका दिशेकडून दुसरीकडे वळली की सूर्याचा कोन बदलतो, मागचा सांगाडा किंचित गरम किंवा थंड होतो आणि सगळ्या आरशावर मिळून काही नॅनोमीटरचा सावकाश सरकाव येतो. तो इथे बसत नव्हता, कारण बदल एकाच सेगमेंटवर होता. दुसरा संशयित म्हणजे टिल्ट. खोलीच्या तापमानाला जोडलेला सांगाडा ५० केल्विनच्या खाली थंड झाला की सांध्यांमध्ये ताण अडकून राहतो. तो मधूनच सुटतो आणि एखादा सेगमेंट, कधी आरशाचा बाजूचा दुमडता येणारा अख्खा पंख, अचानक किंचित कलतो. कमिशनिंगमध्ये असे प्रकार बऱ्याचदा दिसले आणि काळानुसार कमी होत गेले. टिल्टची खूण स्वच्छ असते: सेगमेंटभर एकसारखा उतार, एका कडेला वर, समोरच्या कडेला खाली. तो उतार गणिताने काढून टाकला की खाली काही उरत नाही. सी-३ वर उतार काढला तरी उरलं, वक्रता काढली तरीही उरलं. सेगमेंटचा आकारच बदलला होता. असा बदल बाहेरून काहीतरी आदळल्याशिवाय होत नाही.

अवकाशातल्या बारीक कणाचा हा आघात काही पहिलाच नव्हता. आधीचे चार मोजता आले होते आणि ते सगळे गृहीत धरलेल्या मर्यादेत बसले होते. उड्डाणापूर्वी आरशाच्या नमुन्यांवर अतिवेगवान कण मारून चाचण्या झाल्या होत्या, संगणकावर आघातांची गणितंही झाली होती. महिन्याला साधारण एक मोजता येण्याजोगा आघात होईल असा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. हा आघात मात्र त्या गणितात धरलेल्या झिजेपेक्षा मोठा होता, त्यामुळे त्याची वेगळी छाननी करावी लागली.

लोकांना वाटतं की कणाने पाडलेलं भोक हे नुकसान. तसं नाही. प्रकाश गोळा करणारं क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्यातून मिलिमीटरभर जागा गेल्याने प्रकाशात पडणारी घट मोजण्यातसुद्धा येत नाही. नुकसान होतं ते आकाराचं. सेगमेंट बेरिलियमचा आहे. २५० किलोच्या ठोकळ्यातून मागच्या बाजूने जाळीदार कोरत कोरत तो २१ किलोपर्यंत हलका केलेला. पातळ पृष्ठभागावर आघात झाला की खळग्याभोवतीचा धातू दबून ताणला जातो आणि तो ताण आजूबाजूचा पृष्ठभाग वाकवतो. खळगा लहान, वाकलेला भाग त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणूनच कणाच्या ऊर्जेइतकंच तो नेमका कुठे बसला यालाही महत्त्व आहे. पुढे झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच निघाला: सी-३ चा आघात दुर्मीळ होता, कारण कणाची ऊर्जा जास्त होती आणि तो आरशाच्या नाजूक जागी बसला.

आता दुरुस्तीचं. प्रत्येक सेगमेंटमागे सात मोटरी आहेत. सहा मिळून सेगमेंट पुढे-मागे, आडवा-उभा सरकवतात, कलवतात आणि फिरवतात. सातवी मधोमध ओढून किंवा ढकलून वक्रता बदलते. पाऊल नॅनोमीटरांत मोजायचं असतं. एका वेळी एकच मोटर चालवायची, ती मर्यादित वेळच, कारण मोटर चालली की उष्णता होते आणि थंड आरशाला ती नको असते. पण या सातांकडून होण्यासारखं तेवढंच होतं. कल, अंतर आणि वक्रता एवढी चूक त्या काढतात. सेगमेंटच्या अर्ध्या-पाव भागात पडलेली वळी सपाट करायला मोटरच नाही. म्हणून अशा वेळी बिघाडाचे दोन भाग करायचे, मोटरींच्या आवाक्यातला आणि त्याबाहेरचा. पहिला काढायचा आणि दुसऱ्यासकट दुर्बीण कशी चालते ते तपासायचं.

आकडे असे आहेत. आघाताआधी सी-३ ची तरंगाग्र-चूक ५६ नॅनोमीटर आरएमएस (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) होती. आघातानंतर ती अडीचशेच्या वर गेली. स्थान आणि वक्रता सुधारल्यावर १७८ वर आली आणि तिथेच राहिली. एकट्या सेगमेंटचा आकडा म्हणून हा वाईटच. पण सबंध आरशात त्याचा वाटा अठराव्या हिश्श्याचा, आणि चुकांची सरळ बेरीज होत नसते, त्यांच्या वर्गांची होते. दोनदा जुळवणी केल्यावर पूर्ण दुर्बीण ५९ नॅनोमीटरवर आली. आधीच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा ही पाच ते दहा नॅनोमीटर जास्त. निअरकॅमपर्यंतच्या सबंध मार्गाला मुभा होती १५० नॅनोमीटरची. दुर्बीण अपेक्षेपेक्षा इतकी चांगली जुळली होती की हा फटका त्या शिलकीत सामावला. ती शिलक आली कुठून हे सांगायलाच हवं. आरसे घासणाऱ्यांनी आणि थंड निर्वातात त्यांची वर्षानुवर्षं तपासणी करणाऱ्यांनी मागितलं होतं त्याहून चोख काम केलं होतं.

नकाशाची खातरजमा करायला आणखी एक साधन होतं. निअरकॅममध्ये एक भिंग असं आहे की ते लावल्यावर कॅमेरा आकाशाऐवजी मुख्य आरशाचंच चित्र घेतो. एरवी ते जुळवणीसाठी वापरतात. त्यात आघाताच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की सी-३ मधली जागा स्पष्ट दिसते. गणितातून निघालेला डाग आणि चित्रातली खूण एकाच ठिकाणी आल्यावर शंकेला जागा उरली नाही.

कमिशनिंगच्या काळात नकाशात उमटलेले आघात एकूण सहा. पाचांचा परिणाम नगण्य, उरलेला एक सी-३ वरचा. १२ जुलैला पहिली रंगीत चित्रं जगाने पाहिली ती या आघातानंतरच्या आरशाने घेतलेली.

हबलसारखी नळी का नाही घातली, असं हमखास विचारलं जातं. वेबला अवरक्त किरण पाहायचे आहेत. आरसा स्वतःच गरम असेल तर त्याची उष्णताच चित्रात येईल. म्हणून तो उघड्या अवकाशाकडे उष्णता सोडत थंड होतो, आणि एका बाजूला पाच थरांचं, टेनिस कोर्टाएवढं सूर्यछत्र आहे. त्या छत्रालाही भोकं पडणारच, हे धरूनच ते बांधलंय: थर पाच आहेत आणि चीर पसरू नये म्हणून पडद्यावर जोडांची जाळी आहे. आरशापुढे मात्र काहीच नाही.

मग उरतो एकच उपाय, तोंड कुठे करायचं याचा. दुर्बीण एल-२ या, पृथ्वीपलीकडे सूर्याच्या विरुद्ध बाजूला असलेल्या बिंदूभोवती फिरते, म्हणजे पृथ्वीबरोबर सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जाते. पावसात स्कूटर चालवताना छातीवर जितकं पाणी येतं तितकं पाठीवर येत नाही, तसंच इथे. समोरून येणाऱ्या कणाचा सापेक्ष वेग दुप्पट असेल तर ऊर्जा चौपट. ०.१ मिलिमीटरचा खडकाळ कण सेकंदाला २० किलोमीटरने आला तर त्याची ऊर्जा पाव ज्यूलच्या आसपास भरते, ४० ने आला तर एक ज्यूल. सी-३ वरचा कण कुठल्याही उल्कावर्षावातला नव्हता. वर्षावांच्या तारखा आणि दिशा आधी माहीत असतात, तेवढ्या वेळापुरता आरसा फिरवता येतो. एकटे-दुकटे भटके कण वर्षभर येतात, त्यांना वेळापत्रक नाही. पण समोरून येणारे जास्त घातक, हे त्यांच्याबाबतही खरं आहे.

नासाने नंतर ऑप्टिक्सची माणसं आणि आपल्याच मार्शल केंद्रातली उल्कापर्यावरणाची तज्ज्ञ मंडळी एकत्र बसवली. त्यातून ठरलं की दुर्बीण ज्या दिशेने जाते तिच्याभोवतीच्या ७५ अंशांत शक्यतो पाहायचं नाही. निरीक्षणांच्या दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, हे लागू झालं. नोव्हेंबर २०२२ पर्यंत मोजता येण्याजोगे १४ आघात झाले होते आणि एक सोडून बाकी सगळे अंदाजातले होते. तरीही हा निर्णय घेतला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. अचूक उड्डाणामुळे वीस वर्षांहून जास्त पुरेल एवढं इंधन शिल्लक आहे. इंधन उरलं आणि आरसा झिजला, असं व्हायला नको.

या निर्णयाची किंमत आकाशाच्या भूमितीमुळे फार मोठी पडत नाही. वेबला सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच पाहता येतं. क्रांतिवृत्ताजवळची (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाजवळची) एखादी दीर्घिका या पट्ट्यात वर्षातून दोनदा येते, सुमारे पन्नास-पन्नास दिवस. एकदा ती प्रवासाच्या दिशेला असते, एकदा पाठीमागे. बहुतेक निरीक्षणं पाठीमागच्या वेळी ढकलता येतात. क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांजवळची लक्ष्यं प्रवासाच्या दिशेपासून कायम नव्वद अंशांच्या आसपास राहतात, त्यांना हा नियम लागतच नाही. अडचण होते ती कोन ठरवून मागणाऱ्यांची. दुर्बिणीला स्वतःभोवती फारसं फिरता येत नाही, त्यामुळे प्रतिमेचा कोन तारखेशी बांधलेला असतो. क्रांतिवृत्ताजवळ दोन हंगामांतले कोन साधारण १८० अंशांनी उलटे असतात. वर्णपटासाठी प्रकाश आत घेणाऱ्या साध्या चिरेला त्याने फरक पडत नाही, पण निअरस्पेक या वर्णपटमापकाच्या हजारो सूक्ष्म झडपांतून नेमक्या दीर्घिका निवडणाऱ्याला सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

ज्यांना थांबता येत नाही त्यांना सूट आहे. सूर्यमालेतले ग्रह-धूमकेतू, ताऱ्यासमोरून जाणारा बाह्यग्रह, नुकताच फुटलेला सुपरनोव्हा यांच्यासाठी आरसा आजही त्या ७५ अंशांत वळतो. त्यानंतरची मोजणी नेहमीसारखीच होते: फोकसच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिमा, नवा नकाशा, त्यातून जुन्याची वजाबाकी. त्या वजाबाकीत सी-३ आता दिसत नाही, कारण त्याचा बदललेला आकार हाच तुलनेचा आधार झाला आहे.