सहाही आराखडे नापसंत

2002 साली आम्ही जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहायचो. तिथून न्यूयॉर्कला नेणाऱ्या पाथ रेल्वेचं वर्ल्ड ट्रेड सेंटर स्टेशन 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यात गेलेलं. म्हणून 20 जुलैच्या त्या शनिवारी मॅनहॅटनमध्ये 33व्या स्ट्रीटला उतरलो आणि उन्हातून चालत जॅव्हिट्स सेंटर हा प्रदर्शनांचा मोठा हॉल गाठला. पडलेल्या दोन टॉवरच्या जागी काय बांधायचं, यावर लोकांची मतं घ्यायला तिथे सभा होती. निघताना बायको म्हणाली होती, "तिथे तुला कोण विचारतंय?" नाव नोंदवलं की कुणालाही बसता येतं, एवढंच मला ठाऊक होतं.

हॉलमध्ये चार हजारांवर माणसं. दहा-बारा जणांमागे एक टेबल, टेबलावर एक लॅपटॉप, चर्चा चालवायला एक स्वयंसेवक आणि प्रत्येकाच्या हातात मत द्यायचं छोटं यंत्र. बटण दाबलं की आकडे लगेच मोठ्या पडद्यावर. मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे टायपिंग माझ्याच गळ्यात पडलं.

चार दिवसांपूर्वी जाहीर झालेले सहा आराखडे समोर होते. मेमोरियल स्क्वेअर, मेमोरियल ट्रँगल, मेमोरियल पार्क अशी त्यांची नावं. जागा 16 एकर. स्मारकाचा तुकडा कुठे चौकोनी, कुठे त्रिकोणी. पण भोवती 1 कोटी 10 लाख चौरस फूट ऑफिसं सहाही ठिकाणी तेवढीच. केटररने सहा मेनू दाखवावेत आणि सहाहींत तीच बटाट्याची भाजी असावी, तसं. हल्ल्याच्या जेमतेम दीड महिना आधी ते टॉवर 99 वर्षांच्या लीजवर गेले होते, आणि करारातली तेवढी जागा परत उभी करायची होती. इतकी ऑफिसं हवीत का, हा प्रश्न कागदावर नव्हताच. टेबलावर मात्र पहिल्या दहा मिनिटांतच निघाला.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा मुलगा नॉर्थ टॉवरमध्ये होता. त्यांनी कागदावर दोन टॉवरच्या जागांचे दोन चौकोन काढले आणि वर पेन ठेवलं. "इथे काही बांधू नका." बाकी दिवसभर ते फारसे बोलले नाहीत. टाइप करताना माझ्या डोक्यात शब्द आला तो 'जोतं'. गावाकडे घर पडलं तरी जोतं राहतं; त्यावर कुणी परस्पर भिंत घालत नाही.

समोर चायनाटाउनमधली एक शिवणकाम करणारी बाई होती. दुभाष्यामार्फत तिने सांगितलं, की कारखाना बंद पडलाय, घरमालक थांबायला तयार नाही, आणि तुम्ही इथे झाडं कुठली लावायची ते ठरवताय. मी सगळं जसंच्या तसं टाइप केलं. सगळ्या टेबलांवरचं एकत्र करणाऱ्या गटाकडून ते पडद्यावर आलं तेव्हा दोनच शब्द उरले होते: परवडणारी घरं. तिने दुभाष्याला विचारलं, "हे माझं आहे?" तो हो म्हणाला. मला खात्री नव्हती.

दुपारी एकेका आराखड्यावर मत दिलं. बहुतेकांनी नापसंतीचीच बटणं दाबली. 'हे तर ऑल्बनीसारखं दिसतंय' असाही शेरा आला. ऑल्बनी म्हणजे राज्याची राजधानी, सरकारी इमारतींचं गाव; न्यूयॉर्कवाल्याच्या तोंडी ही शिवीच.

सहाही आराखडे मागे पडले. नव्याने डिझाइनं मागवली, फेब्रुवारी 2003 मध्ये वास्तुरचनाकार डॅनियल लिबेस्किंड यांचा आराखडा निवडला गेला. स्मारकाची स्पर्धा वेगळी झाली, 63 देशांतून 5,201 प्रवेशिका आल्या आणि त्यांतून मायकल अराड आणि पीटर वॉकर यांचं स्मारक ठरलं.

2012 मध्ये बायकोला घेऊन ते स्मारक बघायला गेलो. तेव्हा आगाऊ पास काढावा लागे. दोन्ही जोत्यांच्या जागी पाणी, एकेक हौद साधारण एकराचा. कडेच्या ब्राँझच्या पत्र्यात मृतांची नावं आरपार कोरलेली, अक्षरात बोटाचं टोक जातं. नावं अकारविल्हे नाहीत. कुणाचं नाव कुणाशेजारी असावं हे घरच्यांना विचारलं होतं, जवळजवळ 1,200 विनंत्या आल्या होत्या. सभेत मी टाइप केलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा मला हे विचारणं जास्त खरं वाटतं.

बायकोने विचारलं, "तू सांगितलेलं काय घेतलं यांनी?" मी पाण्याकडे बोट दाखवलं. त्या 16 एकरांत राहतं घर तेव्हा एकही नव्हतं.