चिपळूणचं घड्याळ १.४ सेकंद पुढे

ऊस हंगाम सुरू झाल्यापासून माझ्या कराडच्या जिओफोनवर (जमिनीची थरथर टिपणाऱ्या यंत्रावर) दिवसभर फक्त ट्रॅक्टर-ट्रॉल्याच उमटतात. गेल्या आठवड्यात कोयना-वारणा पट्ट्यात बसलेला छोटा धक्का पहाटेचा होता, हे नशीब. कराडला माझ्याकडे, साताऱ्याला आतेभावाकडे आणि चिपळूणला सरांकडे, तिन्हीकडे तो वाचता येईल असा आला. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

भूकंपाची आधी पोचणारी वेगवान पी लहर आणि मागून येणारी एस लहर, यांच्या वेळांमधला फरक: कराड ५.६ सेकंद, चिपळूण ५.८, सातारा ७.२. पीचा वेग सेकंदाला ५.९ किमी आणि एसचा ३.४ धरला, तर फरकाच्या दर सेकंदाला सुमारे ८ किमी अंतर पडतं. म्हणजे ४५, ४६ आणि ५८ किमी. नकाशावर वर्तुळं काढली, तर कोयना आणि वारणा धरणांच्या मधे, वारणेच्या जरा जवळ, एक चिंचोळा त्रिकोण उरला. मी खूश.

मग हौसेने नुसत्या पीच्या वेळा केंद्र शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दिल्या, तर केंद्र दहाएक किलोमीटर ईशान्येला, पाटणच्या दिशेने सरकलं! दोन रात्री मी वेगाचे आकडे बदलत बसले. बेसॉल्टच्या थराला दोष दिला, सातारच्या भावालाही दिला.

शेवटी वादाती आलेख काढला, जो पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. कियो वादाती या जपानी भूकंपशास्त्रज्ञाची १९३३ सालची युक्ती आहे ही. आडव्या अक्षावर पी पोचल्याची वेळ, उभ्यावर एस वजा पी. सगळी ठिकाणं एका सरळ रेषेत यायला हवीत, चढ साधारण ०.७३, आणि रेषा खाली शून्याला टेकते तिथे भूकंपाची मूळ वेळ. कराड-साताऱ्याचा चढ बरोबर आला. चिपळूणचा ठिपका मात्र रेषेच्या उजवीकडे, १.४ सेकंद लांब.

सरांना फोन केला. "सर, त्या रात्री लाइट गेली होती का?"

"नाही गं. पण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली ना, आदल्या सकाळपासून नेट नव्हतं."

झालं! त्यांचं यंत्र वेळ नेटवरून घेतं. नेट गेलं की उरतो घड्याळात असतो तसा साधा क्रिस्टल, आणि तो दहा लाखांत २० भाग जरी चुकला, तरी दिवसाला १.७ सेकंद होतात. १.४ सेकंद म्हणजे पीच्या वेगाने ८ किमी. वर्तुळं तरीही बरोबर आली, कारण पी आणि एस दोन्ही त्याच चुकलेल्या घड्याळावर मोजले होते आणि सहा सेकंदांत ते आणखी काय चुकणार? आता उपग्रहांवरून वेळ घेणारं जीपीएस मॉड्यूल मागवलंय. सरांना त्याची वायर खिडकीतून बाहेर काढायला सांगितलीय. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेच्या ६.३ च्या भूकंपात शाळकरी वयात अंगणात धावलेला माणूस, त्यामुळे यंत्राचं सगळं ते मनापासून करतात.

एस ओळखणं ही खरी डोकेदुखी. उभ्या (वर-खाली हालचाल टिपणाऱ्या) जिओफोनवर पीचं शेपूट संपायच्या आधीच एस येते, ती कुठे सुरू झाली ते कळतच नाही. कराडला मी दुसरा, आडवा जिओफोन लावल्यापासून एसचा झटका स्पष्ट दिसतो. बाकी दोघांकडे अजून उभाच आहे, त्यामुळे तिथली एस ०.२ सेकंद इकडेतिकडे धरा, म्हणजे दीड किलोमीटर. आणखी एक: नोंदीतला गोंगाट गाळायला तिच्यावर पुढून आणि मागून, दोन्ही दिशांनी चालणारा फिल्टर लावून पी टिपू नका. खऱ्या सुरुवातीआधीच एक खोटी लहर उठते आणि पी लवकर आल्यासारखी वाटते. मी महिनाभर याला फसत होते.

भूकंप जमिनीखाली किती खोल झाला, ते विचारू नका. ४५ किमीवरून बघताना खोली ५ किमी असो की १०, एस-पीत फरक पडतो जेमतेम ०.१ सेकंद, आमच्या चुकीच्या निम्मा. मी ती सरळ ७ किमीवर बांधून ठेवते.

घड्याळ दुरुस्त करून पुन्हा चालवलं, तर पीवरून आलेलं केंद्र त्रिकोणातच पडलं. पण आमची तिन्ही यंत्रं उत्तरेला आणि पूर्वेला आहेत, नैर्ऋत्येला काहीच नाही. देवरुख किंवा संगमेश्वरकडे कुणाच्या घरात कातळावर टेकलेली, वर्दळीपासून लांब अशी कोपऱ्यातली फरशी असेल, तर जिओफोन मी पाठवते.