यार्ड सेलमध्ये घबाड सापडते का? तुम्ही विचारलेत म्हणून

अमेरिकेत राहणाऱ्या आणि शनिवारची सकाळ यार्ड सेल धुंडाळण्यात घालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. लोकांनी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात किंवा दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये खरोखरच कधी घबाड हाती लागते का, आणि लागले तर ते ओळखायचे कसे? विचारणाऱ्याने बहुधा तशी एखादी बातमी वाचलेली असते, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येत नसते. त्या बातम्यांपैकी बऱ्याच खऱ्या आहेत. मात्र त्या बारकाईने वाचल्या तर असे दिसते की वस्तू विकत घेतली गेली त्या क्षणी तिची पारख जवळजवळ कोणालाच झालेली नव्हती. पारख झाली ती पुढे, घरी, कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी. माझे सगळे उत्तर या एका गोष्टीभोवती फिरते.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने २००७ साली एका यार्ड सेलमध्ये ३ डॉलरला एक लहानसा पांढरट वाडगा घेतला आणि तो काही वर्षे दिवाणखान्यात शोभेला ठेवला. पुढे कुतूहल वाटून त्यांनी तो जाणकारांना दाखवला, तेव्हा तो चीनमधल्या उत्तर सुंग राजवटीतला, सुमारे १००० वर्षांपूर्वीचा, डिंग नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढरट भांड्यांपैकी एक असल्याचे निष्पन्न झाले. त्याच आकाराचा आणि जवळजवळ त्याच नक्षीचा दुसरा एकच वाडगा ज्ञात होता, आणि तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये होता. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात २ ते ३ लाख डॉलरची अपेक्षा धरलेला हा वाडगा २२ लाख २५ हजार डॉलरला गेला. या भांड्यांचा एक विशेष इथे सांगण्यासारखा आहे. डिंगच्या कुंभारांनी भांडी भट्टीत पालथी भाजण्याची रीत काढली. त्यामुळे कडेवर चकाकीचा लेप लावता येत नसे, कड खरबरीत राही आणि ती झाकण्यासाठी पुष्कळदा तिच्यावर धातूची पातळ पट्टी बसवली जाई. अंगणातल्या टेबलावर असे भांडे हातात घेणाऱ्याला ती पट्टी म्हणजे टवका उडाल्यावर केलेली डागडुजी वाटणार, आणि ज्या खुणेवरून जाणकार सावध होतो त्याच खुणेमुळे बाकीचे ते भांडे परत खाली ठेवणार.

विकणाऱ्याला कळत कसे नाही, असेही लोक विचारतात, आणि त्या विचारण्यात विकणाऱ्याच्या अज्ञानाबद्दल थोडी कीव असते. ती मला अन्यायाची वाटते. वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण तिची हकीकत माणसांच्या तोंडी असते आणि ती माणसे गेली की हकीकतही जाते. ज्या आजींनी ती बशी कोठून आणली हे त्यांना ठाऊक होते, त्या वारल्यावर नातवंडांच्या हाती उरते ते एक भरलेले घर आणि ते रिकामे करून देण्याची तारीख. इस्टेट सेल, म्हणजे माणसामागे उरलेल्या घरातल्या सामानाची विक्री, बहुधा अशाच घाईत होतो.

हकीकत कशी हरवते याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण फॅबर्जे या रशियातल्या नामांकित जवाहिऱ्याने घडवलेल्या एका सोन्याच्या अंड्याचे आहे. रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने १८८७ च्या ईस्टरला ते आपल्या राणीला भेट दिले होते. क्रांतीनंतर ते राजघराण्याच्या हातून गेले, आणि १९६४ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात ते विकले गेले तेव्हा त्याचे वर्णन केवळ अंड्याच्या आकाराच्या डबीतले सोन्याचे घड्याळ असे केलेले होते. किंमत आली २,४५० डॉलर. राजा, राणी, कारागीर ही सगळी नावे तोवर गळून पडली होती. अनेक वर्षांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका भंगार व्यापाऱ्याने ते जुन्या बाजारात सुमारे १४,००० डॉलरला घेतले, तेही वितळवून सोन्यावर थोडा नफा मिळवावा म्हणून. त्याचा अंदाज चुकला होता. सोन्याच्या वजनाने कोणीच तेवढी किंमत द्यायला तयार होईना, म्हणून अंडे तसेच पडून राहिले. शेवटी २०१२ मध्ये त्याने आतल्या घड्याळावर कोरलेले व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन हे स्विस घड्याळ कंपनीचे नाव आणि ‘अंडे’ हा शब्द इंटरनेटवर शोधला, आणि त्याच्यासमोर या हरवलेल्या अंड्यावरचा एका ब्रिटिश वर्तमानपत्रातला लेख आला. २०१४ मध्ये लंडनच्या वॉर्टस्की या पेढीने त्याची ओळख जाहीर केली, आणि त्याची किंमत २ कोटी पौंडांच्या घरात असावी असे तेव्हा सांगितले गेले. या माणसाला कलेची जाण होती असे म्हणता येणार नाही. परंतु वस्तूवर लिहिलेला एकमेव शब्द त्याने वाचला आणि त्याचा माग काढला. अंडे वितळण्यापासून वाचले ते तेवढ्यामुळे.

आता ओळखायचे कसे, याकडे वळतो. माझ्याजवळ दहापट मोठे दाखवणारे एक भिंग असते, आणि या नादात पडणाऱ्या प्रत्येकाने आधी तेवढेच घ्यावे असे मला मनापासून वाटते. भिंतीवरचे चित्र छापील आहे की हाताने काढलेले, हे त्यातून बहुतेक वेळा क्षणात कळते. नेहमीच्या यांत्रिक छपाईत रंग सलग नसतो. भिंगाखाली तो शिस्तीत मांडलेल्या ठिपक्यांमध्ये फुटतो. एकदा एका इस्टेट सेलमध्ये मळकट काचेआड एक छोटे नदीकाठचे चित्र होते. त्यावर भिंग धरले तर ठिपके नव्हते. रेघा होत्या, आणि त्यांच्या शाईला किंचित उंचवटा होता. घरी आणून चौकट उलगडल्यावर चित्राभोवती कागदात दबलेली एक आयताकृती कड बोटाला लागली. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा दाबयंत्राखाली ओल्या कागदावर दाबला की अशी खूण राहते. म्हणजे ते पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून काढलेले अस्सल मुद्राचित्र होते. खाली पेन्सिलीने केलेली सही कोणा प्रसिद्ध माणसाची निघाली नाही आणि त्याला बाजारभाव असा काही नाही. तरीही ज्या हाताने तो पत्रा कोरला त्याच्या इतक्या जवळ आपण आहोत, या जाणिवेने त्या दिवशी झालेला आनंद मला कोणत्याही आकड्यात मांडता येणार नाही, आणि हे चित्र आजही माझ्या टेबलासमोर आहे.

भिंगाच्या जोडीला जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांची छोटी विजेरी उपयोगी पडते. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घालायची रसायने साधारणपणे १९५० च्या सुमारास प्रचारात आली आणि ती या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. त्यामुळे अठराव्या शतकातले म्हणून पुढे केलेले पत्र तसे लखलखले, तर पुढची चौकशी करण्याची गरज उरत नाही. अस्सल चांदीची खूण म्हणून ९२५ हा आकडा किंवा इंग्लंडचा चालत्या सिंहाचा शिक्का शोधावा, तर ईपीएनएस ही अक्षरे दिसली की निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा आहे असे समजावे. १८९० च्या कायद्यानुसार अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर तो कोणत्या देशाचा हे लिहिणे बंधनकारक झाले, म्हणून बशीच्या पाठीवर देशाचे नाव असेल तर ती बहुधा त्यानंतरची. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर काळ आणखी नेमका होतो, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर आलेला अमेरिकेचा ताबा १९५२ मध्ये संपला. वस्तू नेहमी उलटी करून पाहावी. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी सजवलेली असते. पाठीवर, तळाला आणि खणांच्या सांध्यांत कारागिराने काही लपवलेले नसते.

पाठ पाहणे कधी कधी किती मोलाचे ठरते, हे १९८९ च्या एका खरेदीवरून दिसते. पेनसिल्व्हेनियातल्या अॅडम्सटाउनच्या जुन्या बाजारात एकाने ४ डॉलरला एक तसबीर घेतली. चित्र त्याला आवडलेले नव्हते, हवी होती ती चौकट. चौकट सुटी करताना चित्रामागे घडी घातलेला एक कागद निघाला. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा होता, आणि ४ जुलै १७७६ च्या रात्री जॉन डनलॅप या मुद्रकाने छापलेल्या पहिल्यावहिल्या प्रतींपैकी एक होता. १९९१ मध्ये लिलावात त्याला २४ लाख २० हजार डॉलर आले आणि २००० साली तोच कागद ८१ लाख ४० हजारांना पुन्हा विकला गेला. यातही माझे लक्ष वेधून घेते ते हे की घडी सापडल्यावर तो कागद कोणी केराच्या टोपलीत टाकला नाही. अशा जाहीरनाम्याच्या स्मरणिका म्हणून छापलेल्या नकला अमेरिकेत पैशाला पासरी मिळतात, त्यामुळे टाकून देणे अगदी स्वाभाविक ठरले असते.

अर्थात घबाड वाटले ते घबाड ठरेलच असे नाही. कॅलिफोर्नियातल्या एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये ५ डॉलरला घेतलेले एक मोठे चित्र जॅक्सन पोलॉक या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराचे असल्याचा दावा वर्षानुवर्षे चालला, त्यासाठी बोटांच्या ठशांचा पुरावाही पुढे केला गेला, परंतु कलाजगताने ते मान्य केले नाही. चित्रकाराच्या हातून निघालेली वस्तू दुकानापर्यंत कोणकोणत्या हातांतून आली, ही साखळी जुळली नाही तर डोळ्यांना पटलेलेही बाजाराला पटत नाही. दुसरे असे की आता दुकानेही सावध झाली आहेत. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुरू केलेली गुडविल ही संस्था दानात आलेल्या निवडक वस्तू १९९९ पासून स्वतःच्या ऑनलाइन लिलावात विकते, त्यामुळे उघड दिसणारे सोने-चांदी किंवा नावाजलेली घड्याळे दुकानाच्या फळीपर्यंत पूर्वीइतकी येत नाहीत. येते ते दानातले सामान चाळणाऱ्याला न कळलेले.

गुडविलच्याच ऑस्टिनमधल्या दुकानात २०१८ मध्ये एका बाईंना टेबलाखाली संगमरवरी मस्तक दिसले. गालावर ३४.९९ डॉलरची चिठ्ठी चिकटवलेली होती. चौकशीअंती ते सुमारे २००० वर्षांपूर्वीचे रोमन शिल्प निघाले, आणि ते बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्या संग्रहातून, आशाफेनबुर्गच्या पाँपेयानुम या वास्तूतून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीसे झाले होते असेही कळले. जर्मनीने ते कधी विकलेच नव्हते, म्हणून त्या बाईंनाही ते विकता येणार नव्हते. सान अँटोनियोच्या संग्रहालयात काही काळ ते लोकांना पाहायला मिळाले आणि मग ते परत गेले. वॉशिंग्टनजवळच्या एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये ३.९९ डॉलरला घेतलेले एक मडके माया संस्कृतीचे असल्याचे कळल्यावर घेणारीने ते २०२४ मध्ये आपण होऊन मेक्सिकोला परत केले. घबाडाच्या बातम्यांमध्ये या दोन मला सर्वांत प्रिय आहेत.

यातून निघणारा एक प्रश्न मला क्वचित विचारला जातो, पण तो विचारायला हवा. विकणाऱ्याच्या अंगणातच वस्तूची खरी किंमत आपल्याला कळली तर काय करावे? व्यापाऱ्याने व्यापाऱ्याकडून घेतले तर ज्याची नजर तयार त्याचा फायदा, हे मला मान्य आहे. पण समोर नवऱ्यामागे घर आवरणारी वृद्ध स्त्री बसलेली असेल आणि मला निःसंशय ठाऊक असेल, तर मी सांगतो. कायदा तसे करायला भाग पाडत नाही, आणि या बाबतीत माझे काही मित्र माझ्याशी सहमत नाहीत. मला मात्र अशा घरातून ती वस्तू गप्प राहून उचलून आणणे जमणार नाही.

घरी काही मोलाचे असावे असे तुम्हाला वाटत असेल, तर सर्वांत आधी ते घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरा. जुन्या ब्राँझवरचा काळपट हिरवा थर, लाकडावरचा मूळ रोगणाचा लेप, नाण्यावर चढलेला काळेपणा यांनाच जाणकार किंमत देतात, आणि तो एकदा गेला की परत आणता येत नाही. चांगल्या उजेडात पुढून, मागून, तळातून आणि प्रत्येक शिक्क्याचे जवळून छायाचित्र घ्या, वस्तू कोठून आणि केव्हा आली ते कागदावर लिहून ठेवा, पावती असेल तर जपा. मोठ्या लिलावगृहांचे त्या त्या विषयाचे विभाग अशी छायाचित्रे पाहून प्राथमिक अंदाज बहुधा विनामूल्य देतात. संग्रहालये सहसा किंमत सांगत नाहीत, पण वस्तू काय आहे हे सांगायला तिथले अभ्यासक पुष्कळदा तयार असतात. आणि जो माणूस किंमत सांगतो तोच लगेच विकत घ्यायला निघाला, तर दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय वस्तू हातची सोडू नका.