पोरांना दुसऱ्याचा कोड का वाचायला लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्यात नुकत्याच इंजिनिअरिंग झालेल्या मुलांना मी शिकवतो आणि दर बॅचला कुणाचे तरी वडील हेच विचारतात: "सर, स्वतःचं प्रोजेक्ट करून घ्यायचं सोडून हे लोकांचं काय वाचत बसलेत?"

स्वतःच्या प्रोजेक्टात मुलगा कधी हरवत नाही, म्हणून. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम सगळ्यांचीच चालते. नोकरीत मात्र पुढ्यात पडतो तो वीस जणांनी लिहिलेला जुना कोड, आणि त्यातले पंधरा केव्हाच सोडून गेलेले.

मी लिब्रेऑफिसचा कोड उघडायला लावतो; हे वर्ड-एक्सेलसारखं मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. मूळचं हे जर्मनीतलं स्टारऑफिस. १९९९ मध्ये सन या अमेरिकन कंपनीनं विकत घेतलं, पुढच्या वर्षी कोड खुला केला, २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. जुन्या फायलींमधल्या कॉमेंट चक्क जर्मनमध्ये होत्या. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून त्या इंग्रजीत आणल्या. पहिला बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं, साध्या लॅपटॉपवर कित्येक तास खातो. तेवढ्यात कोडचा इतिहास दाखवणारी गिट ब्लेम ही कमांड शिकवून होते: ही ओळ कुणी लिहिली, कधी, कशापायी.

नवख्यांसाठी तिथे 'ईझी हॅक' म्हणून छोटी कामं राखून ठेवलेली असतात. सांगलीच्या एका मुलीनं त्यातलं एक घेतलं. बदल एका ओळीचा. गेरिटवर, म्हणजे बदल घेण्याआधी जुनी मंडळी तो तपासतात त्या साइटवर, टाकला, परत आला: काय बदललं ते कळलं, का बदललं ते लिहा. "सर, कोड तर चालतोय ना!" तीनदा परत आला, चौथ्यांदा घेतला. हेच मी तिला सहा महिने सांगत होतो, पण घरच्या कोंबडीला डाळीचा भाव.

चुकलोही आहे. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरात खुल्या कोडच्या प्रकल्पांना हातभार लावायचा उपक्रम. २०२० मध्ये त्यातल्या टी-शर्टसाठी जगभरातून रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत, एखादा शब्द घुसडून 'हा बदल घ्या' म्हणणाऱ्या विनंत्यांचा पूर आला, आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावे लागले. त्यात माझेही दोन विद्यार्थी होते. तपासणारा माणूस बऱ्याचदा स्वतःची संध्याकाळ खर्चून तपासत असतो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मुलांचा प्रत्येक पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, आधी माझ्याकडे येतो.

ज्यांच्या लॅपटॉपला बिल्ड झेपत नाही, त्यांना लिब्रेऑफिसच्या मराठी भाषांतराला बसवतो. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणावं की 'साठवा', यावर वर्गात जेवढी भांडणं होतात तेवढी कोडवरून होत नाहीत.