तुम्ही विचारलंत म्हणून : आयआयटीचे नाव सांगावे का?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुलांशी बोलण्याची वेळ आली की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेतल्यावर मी आयआयटी मुंबईतून एम.टेक. केले, आणि आता सातारा-सांगली पट्ट्यात इमारतींची आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) डिझाइन्स करून देण्याचा व्यवसाय करतो. प्रश्न असा असतो : "सर, तुम्ही आयआयटीचे आहात हे लोकांना सांगता का? सांगावे तर मिरवल्यासारखे होते, आणि सांगायचेच नाही तर एवढा आटापिटा कशासाठी केला?" विचारणाऱ्यांमध्ये नुकताच पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईत, नंबर लागलेली मुले असतात, त्यांचे आईवडील असतात, आणि क्वचित माझ्याच वयाचे, इतकी वर्षे झाली तरी हा प्रश्न न सुटलेले अभियंतेही असतात.

माझे उत्तर असे आहे : विचारले तर सरळ सांगावे, सांगाल तेव्हा पूर्ण सांगावे, आणि ऐकणाऱ्याला त्या माहितीचा खरोखर उपयोग असेल तर न विचारताही सांगावे. उरलेल्या सगळ्या ठिकाणी ती गोष्ट आपल्यापाशी राहिली तरी कोणाचे काही अडत नाही. हे नियमासारखे वाटते, पण प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा विचार करावा लागतो.

शिक्षण लपवण्याची रीत मराठी समाजात कधी नव्हतीच, हे आधी लक्षात घ्यायला हवे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले, पुढे तिथे दीर्घकाळ प्राचार्य होते, मंत्रीही झाले. तरी महाराष्ट्राने त्यांना जन्मभर 'रँग्लर परांजपे' असेच म्हटले. नाथ पै यांचे नाव 'बॅरिस्टर' लावल्याखेरीज कोकणात आजही पुरे होत नाही. या माणसांनी स्वतःचे शिक्षण सांगितले की नाही, हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण त्यांच्या वतीने समाजच ते सांगत होता. दाराच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, ग्रंथालयाच्या देणगीदारांच्या यादीत नावापुढे बी.ए., एल्एल.बी. लिहिणे यात कोणाला गैर वाटत नसे.

लपवण्याची सवय अलीकडची आहे आणि ती बरीचशी बाहेरून आलेली आहे. हार्वर्डमध्ये शिकलेले लोक "बोस्टनजवळ शिकलो" असे म्हणतात, हा अमेरिकेतील जुना विनोद आहे. आपल्याकडे त्याची जी आवृत्ती निघाली ती "मुंबईत शिकलो" ही. म्हणणारा एवढे बोलून थांबतो, समोरच्याने "मुंबईत कुठे?" असे विचारावे याची वाट पाहतो, आणि मग जणू नाइलाजाने पवईचे नाव घेतो. ही अर्धी लपवाछपवी मला उघड बढाईपेक्षा अधिक खटकते. बढाई मारणारा निदान ऐकणाऱ्याला आपल्या बरोबरीचा समजून त्याच्यावर छाप पाडू पाहत असतो. "मुंबईत" म्हणणाऱ्याने मात्र आधीच ठरवलेले असते की खरे नाव सांगितले तर समोरच्याला ते झेपणार नाही.

आता 'पूर्ण सांगावे' याविषयी. आयआयटी हे नाव ऐकले की बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते : सतरा-अठराव्या वर्षी जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होऊन बी.टेक.ला गेलेला मुलगा. प्रत्यक्षात त्या आवारात जाण्याच्या वाटा कितीतरी आहेत. एम.टेक.साठी गेट परीक्षा असते, एम.एससी.साठी जॅम, डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीड, पीएच.डी.चे विद्यार्थी वेगळे. आयआयटी मद्रासने २०२० साली सुरू केलेला डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम तर बहुतांशी घरी बसून, जेईई न देता करता येतो, आणि तीही कष्टाने मिळवलेली खरी पदवी आहे. याशिवाय काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात. यांतील कोणतीही वाट कमीपणाची नाही. मात्र ऐकणाऱ्याचा जो गैरसमज होतो तो नेहमी सांगणाऱ्याच्या फायद्याचाच असतो, आणि म्हणून तो दूर करण्याची जबाबदारीही सांगणाऱ्याचीच आहे. "मी आयआयटीचा" एवढेच वाक्य खरे असले तरी ते अपुरे असते. मी "एम.टेक. आयआयटी मुंबई, त्याआधी बी.ई. कऱ्हाड" असे म्हणतो, आणि कऱ्हाडचे नाव गाळून पवईचे तेवढे ठेवणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. १९६० साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाने या भागाला अभियंत्यांच्या पिढ्याच्या पिढ्या दिल्या, आणि मला सर्वेक्षण, काँक्रीट, पाया या गोष्टींची पहिली समज तिथेच आली. पवईने त्या समजेला गणिताची धार दिली, एवढेच म्हणणे योग्य होईल.

माझ्या व्यवसायात हे नाव न सांगण्याची एक महत्त्वाची जागा आहे, ती म्हणजे बांधकामाची साइट. याचे कारण विनय नसून सुरक्षितता आहे, आणि ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. आमचा भाग कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या आठवणी इथल्या जुन्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतात. अशा भागातील इमारतीत बीम आणि कॉलम जिथे एकमेकांना मिळतात त्या जोडामधूनसुद्धा कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती घातलेली सळईची कडी, जवळजवळ अंतरावर नेल्या पाहिजेत, असे आयएस १३९२० हे भारतीय मानक सांगते. कागदावर हे काढणे सोपे आहे. साइटवर त्याच जोडात चारही बाजूंनी बीमच्या सळया येतात, कॉलमच्या उभ्या सळया असतात, त्यांत या रिंगा बसवायच्या, आणि मग वरून काँक्रीट ओतायचे. सळया बांधणारा फिटर ते पाहतो आणि म्हणतो, "साहेब, इथं माल उतरायचा नाही." हे वाक्य माझ्या दृष्टीने त्या दिवसातील सर्वांत मौल्यवान वाक्य असते. कारण त्याचे म्हणणे पुष्कळदा बरोबर असते. मग आम्ही सळयांची मांडणी बदलतो, लहान खडीचे काँक्रीट वापरतो, किंवा मला कार्यालयात परत जाऊन कॉलमचे माप वाढवावे लागते.

आता कंत्राटदाराने माझी ओळख आधीच "साहेब पवईचे, आयआयटीचे" अशी करून दिली असेल तर काय होते? फिटर ते वाक्य उच्चारत नाही. तो मान डोलावतो, आणि माझी गाडी वळली की त्या जोडातील दोन-तीन रिंगा काढून बाजूला ठेवतो, कारण माल तर उतरवायचाच असतो आणि स्लॅबचा दिवस ठरलेला असतो. काँक्रीट पडल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. ज्याला तीस वर्षांचा हाताचा अनुभव आहे त्याचे तोंड माझ्या दोन वर्षांच्या पदवीने बंद झाले, तर त्या पदवीने इमारत कमकुवत केली असेच म्हणावे लागेल. म्हणून साइटवर मी कंत्राटदाराला बजावून ठेवले आहे की माझी ओळख करून द्यायची तर नावाने द्यावी. फ्लॅटच्या जाहिरातपत्रकात "आयआयटी तज्ज्ञाने डिझाइन केलेली इमारत" असे छापायलाही मी परवानगी देत नाही. छापायचेच असेल तर माती परीक्षण झाले आहे का, काँक्रीट कोणत्या ग्रेडचे आहे, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचे) अहवाल कुठे पाहायला मिळतील, हे छापावे. ग्राहकाला त्याचा उपयोग होतो. (असे छापण्यास आजवर कोणी तयार झालेले नाही, हे खेदाने नमूद करतो.)

याउलट जिथे न विचारताही सांगावे अशी जागा म्हणजे तालुक्याच्या गावातील महाविद्यालय. तिथे मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो, कारण तिथे ती माहिती कौतुकासाठी नसून वाट दाखवण्यासाठी असते. बारावीला जेईईत यश आले नाही म्हणजे आयआयटीचा दरवाजा कायमचा बंद झाला, असे समजणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. गेट देऊन एम.टेक.ला जाता येते, गेटमार्गे प्रवेश मिळालेल्यांना शिष्यवृत्ती मिळते, ती सध्या महिन्याला १२,४०० रुपये आहे, आणि त्यामुळे घरून फारसे पैसे न मागता ते शिक्षण पूर्ण करणे शक्य असते, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नसते. ती त्यांना छापील पत्रकातून पटत नाही. कऱ्हाडला शिकून तिकडे गेलेला माणूस समोर उभा राहिला की पटते. अशा वेळी संकोचाने गप्प बसणे हा विनय नव्हे, कंजूषपणा आहे. शिवाय हे शिक्षण मी केवळ स्वतःच्या पैशाने घेतलेले नाही. १९५८ साली ती संस्था उभी राहताना युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत आली होती, आणि तेव्हापासून तिचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर, म्हणजे करदात्यांवर आहे. त्यांच्या पैशाने काय झाले हे त्यांच्या मुलांना सांगणे मला हिशेब देण्यासारखे वाटते.

नोकरीचा अर्ज, निविदेसोबतची माहिती, बँकेसाठीचा अहवाल, या ठिकाणी तर प्रश्नच नाही. तिथे शिक्षण लिहायचेच असते. फक्त माझ्यासारख्याची पदवी जुनी होत जाते तशी तिची किंमत कमी व्हायला हवी. मी केलेल्या इमारती उभ्या आहेत, त्या जाऊन पाहता येतात; आजही कोणी माझी निवड पवईच्या नावावरून करीत असेल तर तो चुकीच्या जागी पाहतो आहे.

आता ज्याविषयी मला सावधपणे लिहिले पाहिजे असे वाटते त्या मुद्द्याकडे येतो. नाव न सांगण्याचा हा सगळा मोठेपणा मला परवडतो, कारण माझे आडनाव ऐकून आजवर कोणी माझ्या क्षमतेविषयी शंका घेतलेली नाही. ज्यांच्याविषयी ती घेतली जाते त्यांना "कशाला सांगता?" असे विचारण्याचा मला अधिकार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१७ साली परत येऊन त्याच बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही त्यांना हुसकावण्यात आले. कोलंबियाची एम.ए. पदवी त्या दिवशी उपयोगी पडली नाही. पुढे एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., एल्एल.डी., डी.लिट., बार-ॲट-लॉ ही अक्षरांची ओळ त्यांच्या नावापुढे गावोगावच्या फलकांवर संपूर्ण लिहिली जाऊ लागली. ती ओळ पाहून कोणी नाक मुरडत असेल, तर ज्या समाजाने त्यांना दार उघडले नाही त्या समाजासमोर ती पूर्ण लिहिली जाण्याचे कारण त्याला कळलेले नाही.

ही गोष्ट केवळ जुन्या काळाची नाही. प्रवेश परीक्षेतील रँक विचारणे वरवर निरुपद्रवी दिसते; पण रँकवरून प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला याचा अंदाज बांधता येतो, आणि पुष्कळदा तोच बांधायचा असतो. आयआयटी मुंबईने २०२३ साली भेदभावविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईई ॲडव्हान्स्डची रँक किंवा गेटचे गुण विचारणे अनुचित असल्याचे म्हटले आहे. हे लेखी सांगावे लागले यातच पुष्कळ काही आले. म्हणून मी मुलांना दोन गोष्टी सांगतो : संस्थेचे नाव सांगायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा, आणि रँक कोणी विचारली तर सांगण्यास तुम्ही बांधील नाही, मग विचारणारा वयाने कितीही मोठा असो.

राहता राहिले घरचे लोक. नंबर लागल्याबरोबर चौकात फ्लेक्स लागतो, क्लासवाले स्वतःचा वेगळा लावतात, ग्रामपंचायत शाल आणि नारळ देते, आणि वर्षभरात सोयरिकीच्या बायोडेटात आयआयटी हा शब्द जन्मतारखेच्याही वर जाऊन बसतो. मुलांना याची लाज वाटते आणि ते मला विचारतात, "वडिलांना कसे थांबवू?" थांबवू नका, असे मी सांगतो. त्यांनी फीसाठी काय केले ते तुम्हाला अर्धेच माहीत असते, आणि बोलण्यातला संयम हा तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. लग्नपत्रिका मात्र छापायला जाण्यापूर्वी एकदा स्वतः वाचून पाहावी, एम.टेक. झालेल्या मुलाच्या नावापुढे हौसेने बी.टेक. छापलेली पत्रिका माझ्याकडे आलेली आहे, आणि ते चूक आहे हे सांगितल्यावर त्याच्या काकांनी मला विचारले होते की, यांतले मोठे कोणते.