पाचर काढल्यावर

दोघं चुलत भाऊ आपापलं खोकं घेऊन एकत्रच आले. आजोबांच्या संग्रहातली दोन जुनी रिव्हॉल्व्हर वाटणीत एकेकाकडे आली होती आणि दोघांनाही ती संग्राहकांना विकायची होती, वेगवेगळी. अशा वेळी माझं काम भाव सांगण्याचं नसतं. हत्यार मुळात काय आहे, त्यातलं अस्सल किती उरलंय आणि नंतर त्यावर कुणाकुणाचा हात फिरलाय, एवढं मी लिहून देतो.

दोन्ही कोल्टची, १८५१ च्या नेव्ही मॉडेलची. सहा बारांचं सिलिंडर, साडेसात इंची अष्टकोनी नळी. ही टोपीदार जात: सिलिंडरच्या कप्प्यात पुढून काळी दारू आणि शिशाची गोळी दट्ट्यानं ठासायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ नळकांडीवर, तांब्याची टोपी बसवायची; घोडा आपटला की टोपी पेटते आणि तिची ठिणगी दारूला लागते. हार्टफर्डच्या कारखान्यात १८५० ते १८७३ या काळात अशी सुमारे २,१५,००० बनली. त्यामुळे मॉडेल दुर्मीळ नाही, चांगल्या अवस्थेतला नग दुर्मीळ आहे.

हातात घेतल्यावर आधी भरलेलं नाही ना, ते बघतो. घोडा अर्ध्यावर ओढला की सिलिंडर मोकळं फिरतं, मग प्रत्येक कप्प्यात लाकडी काडी घालून खोली ताडून घ्यायची. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, म्हणून इथे कुणाच्याही शब्दावर विसंबत नाही. बाराही कप्पे रिकामे निघाले.

थोरल्याचं रिव्हॉल्व्हर पाहून मन सुखावलं. नळीवर निळं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावर कारखान्यात चढवलेला निळसर थर, जवळपास उरलं नव्हतं, पण त्या जागी गुळगुळीत, एकसारखा तपकिरी थर आला होता. अष्टकोनाच्या कडा बोटाला जाणवाव्यात इतक्या धारदार, वरची न्यूयॉर्कच्या पत्त्याची अक्षरं स्वच्छ. पॉलिशची चाकं फिरवून पुन्हा ब्लूइंग केलेल्या हत्यारात या कडा गोल होतात, अक्षरांचे काठ पसरतात, स्क्रूच्या भोकाभोवती खोलगट वाटी तयार होते आणि गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही निळा रंग दिसतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. घोड्याच्या बाजूंवर पाणी चढवताना उमटलेले निळे-करडे रंग अजून होते आणि चापाच्या पितळी कड्याच्या आतल्या कोपऱ्यात चांदीच्या मुलाम्याची रेघ टिकून होती.

सिलिंडर मात्र या हत्याराशी जुळेना.

नेव्हीच्या सिलिंडरवर एक आरमारी लढाई कोरलेली असते: १६ मे १८४३, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या कॅम्पेचीजवळ, तेव्हा स्वतंत्र देश असलेल्या टेक्सासची जहाजं विरुद्ध मेक्सिकोची. वॉटरमन ऑर्म्सबी या कोरक्यानं केलेल्या ठशाखाली सिलिंडर फिरवून ते चित्र उमटवत. ते उथळ असल्यामुळे लवकर झिजतं, म्हणून संग्राहक आधी तिथेच भिंग लावतो. इथे एका जहाजाची डोलकाठी आणि थोड्या लाटा, एवढंच उरलं होतं. निपलांभोवती खोल खड्डे होते. ते टोप्यांमुळे पडतात. टोपीतल्या मसाल्याची राख हवेतलं पाणी ओढते आणि वेळेवर पुसली नाही तर पोलाद खाते. पण एवढं खाल्लेलं सिलिंडर आणि इतकी स्वच्छ नळी एकाच हत्यारात एकत्र कशी नांदली असेल?

नळी फ्रेमला धरून ठेवणारी पाचर हलक्या ठोक्यानं बाहेर काढली, नळी उतरवली आणि आकडे वाचायला बसलो. फ्रेम, नळी, चापाचं कडं, मुठीची मागची पट्टी यांवर एकच नंबर. पाचरीवरचे आकडेही त्याच नंबरचे. सिलिंडरवर मात्र दुसराच नंबर, तोही जुन्या, मूळ ठशाचा. खोडून पुन्हा मारलेला नव्हे. तसं मी सांगितलं तेव्हा थोरल्याचा चेहरा उतरला. नंबर जुळत नसलेलं सिलिंडर म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनं मोठा उणेपणा.

धाकट्याचं खोकं मग उघडलं. हे खूप वापरलेलं: नळीवर बारीक खड्डे, कडा घासलेल्या, घोड्याचा एक स्क्रू नंतर बदललेला. आणि अशा फ्रेमच्या मधोमध बसलं होतं एक देखणं सिलिंडर! शिडं, दोरखंड, तोफांचा धूर, सगळं दिसत होतं. निपलांच्या मधल्या बारीक खुंट्यासुद्धा शाबूत होत्या, ज्या सहसा ठोकून ठोकून सपाट झालेल्या असतात. नंबर वाचण्याआधीच मला कळून चुकलं होतं, तरी वाचला. थोरल्याच्या फ्रेमचा नंबर. आणि मघाचं झिजकं सिलिंडर याचं.

कधीतरी कुणीतरी दोन्ही एकाच टेबलावर साफ करायला घेतली असतील आणि परत बसवताना गल्लत झाली असेल.

मी दोघांनाही बोलावून दाखवलं आणि सांगितलं की दोघांची संमती असल्याशिवाय मी अदलाबदल करणार नाही. धाकटा बराच वेळ ते चित्र भिंगातून बघत राहिला. म्हणाला, “दादा, माझ्यात बघण्यासारखं एवढंच होतं.” थोरला म्हणाला, “मग राहू दे तसंच. तुझं तुला.” मी मध्ये पडलो आणि धाकट्याला म्हटलं: तुझं रिव्हॉल्व्हर झिजलेलं आहे, पण स्वतःच्या सिलिंडरसकट झिजलेलं असेल तर ते प्रामाणिक आहे. जाणता संग्राहक त्याला मान देतो, उसन्या सिलिंडरला देत नाही. धाकट्याला पटलं.

आधीच्या स्थितीचे फोटो काढून अदलाबदल केली. धाकट्याच्या हत्यारात घोडा पूर्ण ओढला तरी एका कप्प्यावर सिलिंडर अडकत नव्हतं, बोटानं ढकलावं लागत होतं. स्वतःचं सिलिंडर येताच सहाही कप्पे आपोआप अडकू लागले. सिलिंडरचे दात आणि त्यांना ढकलणारा पंजा वर्षानुवर्षं एकमेकांवर झिजलेले, त्यांचं जुळणारच.

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची जुन्या हत्यारांसाठी जी प्रतवारी आहे, तिच्यानुसार थोरल्याचं ‘व्हेरी गुड’ आणि धाकट्याचं ‘गुड’ लिहिलं. जाताना धाकट्यानं विचारलं, पितळ तरी चमकवून घेऊ का? अजिबात नको, म्हटलं. पितळावर चढलेला जुना थर उतरला की पुन्हा आणता येत नाही, आणि उतरवल्याचं पहिल्या नजरेत दिसतं. अदलाबदलीची नोंद मी फोटोंसह दोन्ही अहवालांत घातली. घेणाऱ्याला ती आधीच कळायला हवी.